उशिरा कापलेलं गवत

त्या वर्षी आगोतानं गवत कापलं नाही.
जुलै सरला, अख्ख्या उताराची दाढी झाली,
तिचा तेवढा तुकडा झिपरा राहिला.
गाव बोलायला टपलेलंच:
झिग्मोंद गेला, विळ्याला गंज चढला.
चर्चमधून परतताना बायका कुंपणाशी थबकायच्या
आणि चुकचुकायच्या,
कुणाचं पोर अंघोळ न करता बाहेर आल्यासारख्या.

गंज नव्हता चढला. मी शेजारी, मी पाहिलाय.
लांब दांड्याचा तो विळा छपरात टांगलेला,
धारेचा दगड गाईच्या शिंगात, नेहमीसारखा.
शिंगातलं पाणी आटलं होतं, एवढंच.
तिचा खुबा धरला होता
आणि तिला कुणापुढे तोंड वेंगाडायचं नव्हतं.
मीही विचारलं नाही.
हे इथं लिहून ठेवतो.

ऑगस्टमध्ये क्लुजहून एक मुलगी आली, एनिक्यो,
हातात जाळी, गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल.
माझ्या शेतात तिला मिळालं ते असं:
नाकतोडे नऊ. भुंगेरा एक, उताणा.
मी म्हटलं, तो मेलाय, धरू नकोस.
ती म्हणाली, मेलेल्यांचा रकाना वेगळा आहे.

मग आगोताच्या गवतात शिरली
आणि दुपार कलली तरी बाहेर येईना.

ओढ्याकाठी एक झुडपासारखं गवत येतं,
सुकलेल्या रक्ताच्या रंगाची बोंडं त्याला.
आम्ही रक्तगवतच म्हणतो. गाई खातात, आम्ही बघत नाही.
त्या बोंडात एक निळं फुलपाखरू अंडं घालतं,
दुसरीकडे कुठेही नाही.
अळी तिथंच जेवते, दोन-तीन आठवडे,
आणि एका संध्याकाळी स्वतःला खाली सोडून देते.
मातीत पडून राहते.
तांबडी मुंगी येते, हुंगते.
अळीच्या अंगाला मुंग्यांच्या घरचा वास.
आपलंच दिसतंय, म्हणत मुंगी तिला उचलून नेते.
मग वर बर्फ, आणि खाली हे सोंगाडं
यजमानांचीच पिल्लं खात हिवाळा काढतं,
उन्हाळ्यात ओले पंख घेऊन पळ काढतं.

आगोता हसली. झिग्मोंद गेल्यावर पहिल्यांदाच.
"म्हणजे आमचा थोरला जावई."

"जुलैत कापलं की अंडी गंजीत जातात," एनिक्यो म्हणाली.
गंजीत. म्हणजे माझ्या गाईंच्या पोटात.
तीस वर्षं मी वेळेवर कापतोय.

रात्री झोप येईना, तेव्हा आठवत बसलो.
हातानं कापायचो तेव्हा कुठं सगळं एकदम व्हायचं?
कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाचा बांधावरून वाद,
कुणी नुसताच पिऊन पडलेला.
एकाचं आज, दुसऱ्याचं तीन आठवड्यांनी,
कुठंतरी काहीतरी उभं राहायचंच.
आमच्या भांडणांवर जगली ती फुलपाखरं,
आमच्या आळसावर.
मग यंत्र आलं. आता एका दिवसात
अख्खा उतार आडवा, आणि सगळे एकमेकांशी गोड.

सप्टेंबरात तिच्या दाराशी गेलो. टोपी काढली.
विचारायला चार महिने लागले,
ती आत गेली, शिंग घेऊन आली,
त्यात पाणी भरलेलं होतं.
"ओढ्याकडची पट्टी ठेव," म्हणाली. "आणि पायाखाली बघून चाल,
जावई झोपलेत."

पुढल्या जुलैत मीही एक पट्टी सोडली,
बारा पावलं रुंद.
बायका थबकल्या. चुकचुकल्या.
लोरांदचंही बिनसलं म्हणे.

एनिक्यो आली, माझ्या पट्टीत गुडघ्यांवर रांगली.
निळं एकही नाही.
रकान्यात तिनं शून्य काढलं, नीट, गोल.
मुंग्या मात्र आहेत म्हणाली, त्याच, तांबड्या.

ते मला माहीत होतं.
सकाळीच एक मोज्यात सापडली होती.
चावली.